मणीरामवाल्या डॉक्टरीणबाई

आमच्या डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करायच्या नाहीत. "आ कर," म्हणायच्या. लग्नाचा मांडव असो की भाजीबाजार, समोर लेकरू दिसलं की त्याची हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे फिरवायचं आणि सरळ घशात डोकवायचं. एकदा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं घंटी मारली, तरी बाई खिडकीशी उभ्या राहून आतल्या एका पोराचा घसा पाहत होत्या. कंडक्टर ओरडला, "अजी बाई, गाडी जाऊन राहिली!" बाई म्हणाल्या, "जाऊ दे ना. पण या पोराले इथंच उतरव. घसा लालभडक आहे याचा." आणि नवल म्हणजे त्या पोराच्या आईनं काही न बोलता पिशवी उचलली आणि पोराला घेऊन खाली उतरली. गाडी गेली, बाई त्या दोघांना घेऊन दवाखान्यात आल्या. असा त्यांचा दरारा होता बुवा!

बाई मूळच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या. घरी धानाची शेती. नागपूरला डॉक्टर झाल्या आणि पुढं मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं जंतूंच्या मागं लागल्या होत्या. सत्तरच्या दशकात त्या परत आल्या आणि आमच्या विणकर मोहल्ल्याच्या तोंडाशी दवाखाना थाटून बसल्या. एवढी शिकलेली बाई, लग्न केलं नाही, मुंबई सोडून इथं आली, म्हटल्यावर लोकांच्या जिभा कशा राहतील गप्प? कोणी म्हणालं नोकरीवरून काढलं असेल, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला असेल. शेवटी मीच धीर करून विचारलं. मी तेव्हा नुकता शाळेत मास्तर झालो होतो, आणि मास्तरला वाटत असतं की आपण कोणालाही काहीही विचारू शकतो. बाई हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, मुंबईले मणीराम मले बाटलीत भेटे. इथं थो घरोघरी राहते. मंग मी कोठी राहावं, तुमीच सांगा."

हा मणीराम म्हणजे घसा धरणारा एक जंतू. त्याचं पुस्तकातलं नाव बाईंना अर्थातच पाठ होतं, पण ते त्या क्वचितच घेत. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. एका दुपारी त्यांनी मला तिथल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. मी वाकलो. आधी आपलीच पापणी दिसली. मग एकदम जांभळे मणी दिसले, एकाला एक लागून ओवलेले, सुबक, गोल. मी पाहतच राहिलो. जंतू म्हणजे घाण, एवढीच माझी अक्कल, आणि तेवढीच मी पोरांना वाटत होतो. इतकी देखणी वस्तू आमच्याच मोहल्ल्यातल्या कोणाच्या घशातून निघाली असेल, हे मनाला पटेना.

"सुंदर आहे न?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अशा वेळी देवळात बोलतात तसा हळू व्हायचा. "अन् खरी गंमत तं इथून दिसतच नाही. याच्या अंगावर प्रथिनाची बारीक लव असते. रक्तातले शिपाई याले गिळाले येतात, तं ही लव त्यायले धरूच देत नाही. मंग शिपाई ती लव ओळखाले शिकतात. एकदा ओळखली की मणीराम संपला. पण त्याच्या गोतावळ्यात एखाद्या मण्याच्या लवीचं टोक जरा वेगळंच निपजते. बाकीचे मरतात, थो उरते, अन् मंग त्याचीच पिलावळ. शिपायायनं परत पहिल्यापासून शिकाचं."

"म्हणजे तो मुद्दाम बदलतो?" मी विचारलं.

"कायचं मुद्दाम! त्याले ना डोळे, ना हात, ना डोकं. पिल्लू होताना चूक होते, अन् एखादी चूक कामाची निघते. ज्याले मनच नाही त्याची ही कारागिरी, मास्तर. मी इतकी वर्षं पाहून राहिली, अजून माझं मन भरलं नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं की चमक, मला कळलं नाही. मी देवळात जाणारा माणूस, पण खरं सांगतो, त्या कोंदट खोलीत माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला त्याचा राग नाही येत?" तर म्हणाल्या, "राग कायचा? थो आपलं पोट भरून राहिला. राग मले त्या माणसाचा येते, जो इलाजाची सुई अर्ध्यात सोडते."

हे शेवटचं वाक्य आमच्या घरावर कसं येणार होतं ते तेव्हा कुठं ठाऊक होतं?

विमल माझी धाकटी बहीण, माझ्याहून बरीच लहान. सबंध मोहल्ल्यात भिंगरीसारखी फिरायची. एकदा तिचा घसा दुखला, आईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, चार दिवसांत दुखणं गेलं आणि आम्ही ते विसरलो. काही आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. घोटा उतरला तर मनगट. आई म्हणाली, वात आहे, आणि कोमट तेल चोळत बसली. बाई कुठल्या तरी बाळंतिणीला पाहायला आमच्या गल्लीत आल्या होत्या. सगळी पोरं लंगडी खेळत होती आणि विमल ओट्यावर बसलेली. बाईंनी वाट वाकडी केली. "काहून व, खेळत नाहीस?" त्या दिवशी "आ कर" म्हणाल्या नाहीत. तिच्या शेजारी बसून नळी तिच्या छातीला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, मणीराम हिच्या घशातून केव्हाचाच गेला. पण जाताजाता शिपायायले चुकीचं शिकवून गेला. थे आता हिच्या काळजावर चालून गेले आहेत. काळजातली झडप गळून राहिली." मला अर्थ कळला नाही, म्हणून बाईंनी आईलाही बोलावून सोपं करून सांगितलं. महिनोन्‌महिने विमलला अंथरुणावरून उठू द्यायचं नाही, गोळ्या द्यायच्या, आणि नंतर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई. "कुठपर्यंत?" आईनं विचारलं. "मोठी होईपर्यंत. कदाचित त्याच्याही पुढं. दुसऱ्यांदा मणीराम आला, तं ही झडप टिकणार नाही. अन् झडप गेली तं पोरगी जाईल." बाईंना गोड बोलणं जमायचं नाही. 

ती सुई म्हणजे काय होती, हे ज्यानं घेतली त्यालाच माहीत. दुधासारखं दाट औषध, आत जाताना आग आग व्हायची आणि पुढं दोन दिवस पाय टाकता येत नसे. सुईचा दिवस आला की विमल गायब. आणि ती आली नाही की सायंकाळी गल्लीत बाईंच्या लुनाची फटफट ऐकू यायचीच. एकदा कार्टी मागाच्या खड्ड्यात जाऊन बसली. आमचे माग जमिनीतले, विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो. बाबांनी हाका मारल्या, आईनं धपाटे घालायची धमकी दिली, पोरगी हलेना. बाई आल्या, पदर खोचला आणि खड्ड्यात पाय सोडून बाबांच्या जागी बसल्या. "नोको निघू. मी बी इथंच बसते. दवाखाना आज बंद." आणि खरंच बसल्या! दिघोरीच्या तलावातल्या सिंगाड्यांच्या, बांधावरच्या खेकड्यांच्या गोष्टी सांगत राहिल्या. अंधार पडायला आला तेव्हा खड्ड्यातून आवाज आला, "द्या एकदाची." बाईंनी तिथंच, कंदिलाच्या उजेडात, सुई दिली.

असं एक-दोन वर्षं चाललं. विमल चांगली गुटगुटीत झाली, शाळेत जायला लागली, धावायला लागली. आणि एक दिवस बाबांनी जाहीर केलं, "पोरगी टकाटक आहे. आता कायले सुया? आमी नाही येत." माझे बाबा एकदा नाही म्हणाले की नाही. मी समजावलं, रागावलो, त्यांच्यापुढं हात जोडले. ते मागावर धोटा फेकत राहिले. तीन आठवडे होऊन वर दोन दिवस गेले. मला झोप लागेना. 

आता इथं बाबांची एक जुनी जखम सांगितली पाहिजे. बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवतकाठी साड्या विणत. काठावर करवतीचे दाते सगळेच विणतात, पण प्रत्येक घराची एक खूण असते. आमच्या काठाला दर दोन दात्यांमध्ये एक बारीक ठिपका, आजोबांच्या वेळेपासूनचा. त्या काठावरून लोक डोळे झाकून आमचं लुगडं घ्यायचे. एका साली कोण्या बाहेरच्या व्यापाऱ्यानं नकली रेशमाच्या साड्या हुबेहूब आमचा काठ घालून बाजारात आणल्या. पहिल्या धुण्यात त्यांची चिंधी झाली. बोंबाबोंब झाली. आमच्या विणकरांना सूत पुरवणारी जी सोसायटी होती, तिच्या लोकांनी त्या चिंध्या पाहिल्या, काठ ओळखला, आणि सरळ बाबांचं सूत बंद केलं. विणकरांना वाचवायला काढलेली सोसायटी, आणि तिनंच अस्सल विणकराचा माग बंद पाडला! हंगामभर आमच्या घरात धोट्याचा आवाज नव्हता. नकलीवाला मजेत होता. पुढं खरं-खोटं झालं, सूत सुरू झालं, पण बाबा त्यानंतर सोसायटीची पायरी कधी चढले नाहीत.

बाईंना हे ठाऊक होतं, कारण मोहल्ल्यात कोणाच्या घरात काय झालं हे त्यांना सगळंच ठाऊक असे. त्या आल्या आणि मागाजवळ बसल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. पण बाईंनी सुईचा विषयच काढला नाही.

"काकाजी, तुमचा माग कोणी बंद केला होता? त्या नकलीवाल्यानं?"

बाबांचा हात थांबला. "नाही. आपल्याच लोकायनं."

"वैर होतं का त्यायचं तुमच्याशी?"

"कायचं वैर! काठ सारखा दिसला, म्हणून."

"बस्," बाई म्हणाल्या. "विमलच्या काळजात असंच झालं आहे. मणीरामाच्या अंगावर जो काठ आहे न, त्याच्यासारखाच काठ माणसाच्या काळजाच्या झडपेवर आहे. कसा आला, कोणास ठाऊक. पिढ्यान्‌पिढ्या बदलता बदलता त्याचा काठ आपल्या काळजाशी जुळून गेला. शिपाई मणीरामाले शोधत येतात, काठ पाहतात, अन् आपल्याच घरावर लाठ्या चालवतात. त्यायचं वैर नाही. त्यायले फक्त काठ दिसते."

 बाबांनी मागावरच्या काठावरून बोट फिरवलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला शिकून-सवरूनही सुचला नव्हता. "मंग त्या शिपायायले सांगा ना बाई, की हे आपलंच घर होय म्हणून."

बाईंचा चेहरा असा उतरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "थे सांगणारं औषध अजून कोणी काढलं नाही, काकाजी. मुंबईत मी तेच शोधत होते. नाही सापडलं." मग म्हणाल्या, "म्हणून आपल्या हातात एकच आहे. नकलीवाल्याले मोहल्ल्यात पायच ठेवू द्याचा नाही. सुई त्याच्यासाठी आहे. पोरगी टकाटक दिसते, तवाही."

बाबा मागावरून उठले. खुंटीवरची टोपी घातली, सायकल काढली आणि विमलला हाक मारली, "चाल व." त्या दिवसापासून सुईच्या दिवशी तिला दवाखान्यात नेणं हे बाबांचंच काम झालं. पुढं त्यांनाही सूक्ष्मदर्शकातून मणीराम पाहायचा होता. बाईंनी दाखवला. बाबा डोळा लावून उभे राहिले, उभेच राहिले. "याचा काठ कोठी आहे?" "थो इथून दिसत नाही. याच्याहून लय मोठं यंत्र लागते." बाबा पुटपुटले, "एवढ्याशा जिवावर कोण विणत असंन बापा!" आणि बाई त्यांच्याकडं पाहून इतक्या खुशीत हसल्या, की त्या जणू असं बोलणाऱ्या माणसाची मुंबईपासून वाट पाहत होत्या.

विमल लग्नाची झाली. पवनीच्या एका विणकर घरातून मागणी आली, मुलगा चांगला. बाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, झडप थोडी गळते, पण संसार निभावून नेईल, सुई मात्र सुटता कामा नये. इथं आमच्या घरात रामायण सुरू झालं. आई आणि मामा म्हणाले, सुयांचं नाव काढलं तर पोरगी जन्मभर घरात राहील. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी आईनं दारातच बाईंचे हात धरले. "बाई, तुमच्या पाया पडते, आज काही बोलू नोका." बाई म्हणाल्या, "नाही बोलत. पण तिकडं गेल्यावर तिले सुई कोण देणार, हे तुमीच मले सांगा." आई रडायला लागली. बाई आत येऊन बसल्या. मांडवात एवढी लेकरं बागडत होती, पण त्या दिवशी त्यांनी एकाचाही घसा पाहिला नाही. मला ते बघवेना.

विमलच्या ओटीत साडी ठेवायची वेळ आली आणि बाबा उभे राहिले. "थांबा जी जरा." मामानं त्यांचं धोतर ओढलं, त्यांनी हात झटकला. आणि माझे अबोल बाबा त्या भरल्या मांडवात सोयऱ्यांना नकली साड्यांची गोष्ट सांगू लागले. सोसायटी, बंद पडलेला माग, मणीराम, शिपाई, काळजाचा काठ, सगळं. कुठं अडखळले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरगी अस्सल आहे माझी. पण तिले राखावं लागते. तुमाले जमत असंन तं साडी ठेवा, नाही तं जेवून जा. राग नाही." 

 मुलाचे वडील खाली मान घालून बसले होते. तेही जन्मभर मागावर बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "कवापर्यंत राखाचं?" बाबांनी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "हिचे लेकरं होतील, त्यायचे घसे दुखतील, थे मोठे होतील, तोवर तं राखाचंच." मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. "पवनीले सरकारी दवाखाना आमच्या घराजवळच आहे. पोरीची सासू नेत जाईल." आणि साडी ओटीत ठेवली. आईनं डोळ्याला पदर लावला. बाईंनी आधी नाक शिंकरलं आणि मग नवरदेवापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "जावईबापू, आ करा." सगळा मांडव हसला. नवरदेवानं एवढा मोठा आ केला की काय सांगू!

विमलला दोन मुलं झाली. आज ती आजी आहे, आणि नातवंडांचा घसा दुखला की घर डोक्यावर घेते.

बाई गेल्या त्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. सकाळी दवाखाना उघडताना कोसळल्या, मेंदूत रक्तस्राव झाला होता, दुपारपर्यंत सगळं संपलं. घसे पाहता पाहता स्वतःच्या डोकेदुखीकडं पाहायला त्यांना वेळ कुठला! त्यांच्या भावानं त्यांना दिघोरीला नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आमचा मोहल्ला एका ट्रकमध्ये बसून निघाला. पवनीला विमलच्या सासरी निरोप रात्रीच पोचला होता. ती आमच्या आधी पोचेल असं आम्हाला वाटलं होतं.

दिघोरीत पोचलो तर विमल नव्हती. बाबा सारखे रस्त्याकडं पाहत होते. बाईंच्या भावानं आमच्याखातर बराच वेळ वाट पाहिली. मग उन्हं चढली, लोक चुळबुळ करू लागले, आणि तो बाबांपुढं हात जोडून म्हणाला, "काकाजी, आता नाही थांबवत." बाबांनी मान हलवली. बाईंना उचललं. 

सगळं आटोपून आम्ही तलावावर अंघोळी करून परतत होतो, तेव्हा बांधावरून कोणी येताना दिसलं. विमल. लंगडत येत होती. मला वाटलं, पुन्हा सांधे धरले की काय! बाबा ओल्या धोतरानंच तिच्याकडं धावले. तिनं आमची ओली डोकी पाहिली आणि तिला समजलं. मटकन बांधावर बसली आणि हंबरडा फोडला.

बाईंची म्हातारी काकू म्हणाली, "माय वो! बाईचं तोंड पाहाले नाही भेटलं तुले. निरोप तं राती भेटला होता. काहून एवढा उशीर केला व?"

विमलनं पदरानं डोळे पुसले. "आज माझा सुईचा दिवस होता. दवाखाना उघडेपर्यंत दारात बसून होती. पहिली गाडी समोरून गेली." मग बाबांकडं पाहून म्हणाली, "बाबा, सुई न घेता आली असती, तं बाईले तोंड कसं दाखवलं असतं मी?"